ह्यांचे हात आणि वाटेवरचे मेंढे

इंजिन तापलंय, असं आमचे हे म्हणाले, आणि गाडी नेमकी एका तंबूसमोर तापली. मागे घाटात वारा होता, ओढा होता, तिथे कुठे ती तापली नाही. लोकरीचा गोल तंबू दिसला, बाहेर बांधलेल्या घोड्या दिसल्या, आणि तापली. (घोड्या बांधल्यात म्हणजे दूध काढणं चालू आहे, आणि दूध काढणं चालू आहे म्हणजे आत कातडी पिशवीत आंबवलेलं कुमिस आहे. गाडीला एवढी अक्कल असेल तर तिनेच आमचा संसार चालवावा.)

"पाच मिनिटं," हे म्हणाले.

"पाच मिनिटांत इंजिन गार होतं?"

"ते वाऱ्यावर असतं."

तेव्हाच मी यांच्या हातातून किल्ली घ्यायला हवी होती. पण मला गाडी चालवता येत नाही.

आम्ही नारिनहून इस्सिक-कुल सरोवरावर निघालो होतो. मुलगी बिश्केकला बँकेत आहे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिने सरोवराकाठच्या एका विश्रामधामात आठवडाभराची खोली घेऊन दिली आणि फोनवर बजावलं, "आई, सोमवारी संध्याकाळच्या आत पोचायचं. उशीर झाला तर खोली दुसऱ्याला देतात." मी बाजारात सुक्या दह्याचे गोळे विकते. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, पण संध्याकाळच्या आत म्हणजे काय ते मला कळतं. सरोवर मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, ट्रकमध्ये लोकरीच्या गठ्ठ्यांवर बसून, तेही धुक्यात. म्हणजे खरं तर धुकंच पाहिलं. आता मला त्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरायचं होतं. जुन्या कपड्यांच्या बाजारातून पोहायचा कपडाही आणला होता, मोठ्या निळ्या फुलांचा. घरी घालून ह्यांना दाखवला. हे बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागले. (ह्यांना हसू आवरेनासं झालं की हे लाकडं फोडतात. त्या दिवशी हिवाळाभर पुरतील इतकी फोडली.)

तर घाई मला होती. ह्यांना घाई कधीच नसते, कारण ह्यांना 'नाही' म्हणता येत नाही. त्यातून ह्यांचे हात. हे स्वतः एक वेळ ताब्यात राहतील, पण हात राहत नाहीत. आशीर्वादाची वेळ आली की तळवे आपसूक वर जातात आणि तोंडावरून खाली फिरतात. रस्त्यात कबरस्तान लागलं की चालत्या गाडीत स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर. म्हणून कबरी दिसल्या की मी बाजूने स्टिअरिंग धरते. गाडी चालवता येत नाही म्हणाले, ते एवढं सोडून.

कबरस्तानाचं असं निभतं. मेंढ्याचं निभत नाही. पाहुणा आला की यजमान मेंढा आणून दारात उभा करतो. पाहुण्याने तळवे वर धरून दोन चांगले शब्द बोलायचे आणि तोंडावरून हात फिरवायचे. फिरवले की मेंढा गेला आणि त्याच्याबरोबर तुमचा दिवस गेला. मांस शिजून, वाटून, खाऊन होईपर्यंत उठलात तर त्या घराच्या तोंडावर थुंकल्यासारखं. सुटायचं असेल तर हात फिरायच्या आधी सुटायचं.

तंबूत तुर्दुबाय नावाचा म्हातारा होता आणि त्याची बायको आयिमकान. आम्ही बसतोय तोवर म्हाताऱ्याने विचारलं, "कोणाचा रे तू?"

झालं. ह्यांनी आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आजाचं सांगितलं, पणजाचं सांगितलं. म्हाताऱ्याने आपले सुरू केले. दोघं एकेक पायरी खाली उतरत गेले आणि तळाला दोघांच्या तोंडून एकच नाव निघालं. म्हाताऱ्याने टोपी काढली, परत घातली, आणि डोळे पुसले.

"म्हणजे तू आमचाच की," तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

तो कशाला गेला ते मला ठाऊक होतं. मी ह्यांच्या एका हातात कुमिसचा वाडगा दिला, दुसऱ्या हातात रोटी दिली.

"अगं, मला भूक नाही."

"खायला दिलेली नाही. धरा नुसती."

म्हातारा दारात आला. हातात दोरी, दोरीला मेंढा. चांगला तगडा, जाड शेपटीचा. मेंढ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू घाई आम्हा दोघांनाच आहे.

"एसेनकुल, पोरा, हात उचल."

ह्यांनी वाडग्याकडे बघितलं, रोटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा माझी हुकूमत दोन्ही हातांवर होती.

"आजोबा," मी म्हणाले, "आम्हाला संध्याकाळच्या आत सरोवरावर पोचायचंय. परतताना थांबतो. दोन दिवस थांबतो."

"परतताना थांबतो म्हणून माझा साडू गेला होता. अजून परततोय."

"खोली जाईल हो आमची."

"सूनबाई, एवढा तंबू आहे. खोली कशाला हवी?"

"अहो, पैसे भरलेत मुलीने."

"मग मुलीलाही बोलाव."

आयिमकान इतका वेळ चुलीत शेणी सारत होती. तिने मान वर करून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "किती वाळलीस गं. नवरा खायला घालत नाही का?"

आता माझी कथा अशी की आमच्या बाजारातला काटा मला बघून स्वतःच बाजूला होतो. मला वाळलेली म्हणणारी ही पहिलीच बाई. मी जरा विरघळले, नाही कशाला म्हणू. म्हणाले, "तसं नाही हो आजी, कामंच इतकी असतात." आणि बोलायला म्हणून तिच्याजवळ सरकले. शेणी ओली होती. धुराचा लोट उठला तो थेट माझ्या डोळ्यांत. मी दोन्ही तळव्यांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड पुसलं.

"आमीन," म्हातारा म्हणाला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. आयिमकानने फिरवला. डोळे उघडून बघते तर दारात मेंढा नव्हता.

"आजोबा, तो धूर होता."

"असू दे. घरची सून आशीर्वाद देते, याहून चांगलं काय?"

मी ह्यांच्याकडे वळले. हे वाडगा आणि रोटी तशीच धरून ताठ बसले होते.

"मी काही केलं नाही हं," हे म्हणाले. "माझे हात भरलेले होते."

या माणसाबरोबर मी इतकी वर्षं काढली, पण याच्या चेहऱ्यावर एवढं निष्पाप समाधान मी लग्नाच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं.

मांस शिजलं, वाटलं गेलं. मुंडकं मानाने ह्यांच्यापुढे आलं, मला पाठीकडचा चरबीचा तुकडा. सूर्य डोंगराआड जाताना मी बाहेर येऊन फोन वर धरून बघितला, खाली धरून बघितला. त्या डोंगरात रेंज नाही, फोन म्हणजे आरसा. आत माझी खोली चाललेली दिसत होती. (तुकडा मात्र उत्तम शिजला होता. मी दुसरा घेतला, तो रागाने.)

सकाळी निघालो. डिकीत उरलेल्या मांसाच्या पिशव्या, माझ्या तोंडाला कुलूप. खोली गेली होती, पण भांडण माझ्या हक्काचं होतं आणि ते मी मनात नीट रचत होते. विश्रामधामात शिरायचं, पिशवी आपटायची, आणि म्हणायचं, एका मेंढ्यापायी माणसाची खोली काढून घेता?

कोचकोर गावाच्या आधी वळणावर एक माणूस उभा दिसला. त्याच्या हातात दोरी. दोरीच्या टोकाला काय होतं ते सांगायची गरज नाही.

"हा तुर्दुबायचा धाकटा भाऊ," हे हळूच म्हणाले. "म्हाताऱ्याने पहाटेच घोडेस्वार पाठवून निरोप दिलाय. थांबलो नाही तर त्याला वाईट वाटेल."

"तुम्ही उतरायचं नाही. स्टिअरिंगवरचे हात काढायचे नाहीत. मी जाऊन नाही म्हणून येते."

उतरले. पण नाही असं रस्त्यात उभ्याने म्हणणं मलाच बरं वाटेना. नकार द्यायचा तर घरात जाऊन, बसून, चहा घेऊन द्यावा लागतो. घरात त्याची बायको दाबलेल्या लोकरीचा, नमद्याचा गालिचा शिवत होती, आणि लालाशेजारी असा काही तपकिरी लावत होती की मला बघवेना. तिच्या हातातली सुई घेऊन मी एक कोपरा शिवून दाखवला. मग दुसरा दाखवला. बाकी मी ठाम राहिले हं. मेंढ्याचं बोलणं मी कोंबडीवर आणलं. बाहेर आले तेव्हा हे स्टिअरिंगवर हात ठेवून झोपले होते.

"नाही म्हणालीस का?" ह्यांनी विचारलं.

"म्हटलं. कोंबडी खाऊन घ्या आधी."

सरोवर दिसलं ते दुपार कलल्यावर. निळं, शेवट नसलेलं, धुकं औषधालाही नाही. एवढं पाणी समोर, आणि खोली दुसऱ्याची.

विश्रामधामाच्या टेबलाशी एक काडीसारखी पोरगी बसली होती. मीरिम नाव तिचं. मी पिशवी आपटली. (आत मांस असल्यामुळे आवाज हवा तसा आला नाही.)

"कालची खोली होती आमची," मी म्हणाले. "दिलीत ना दुसऱ्याला? कोणाला दिलीत ते सांग, मी बघते त्याच्याकडे."

तिने नाव विचारलं, मागच्या खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"काकू, तुमची खोली आजपासूनच आहे. मंगळवारपासून."

"मुलगी सोमवार म्हणाली होती."

पोरगी जरा घुटमळली. "ताईंनी फोन केला होता मला. म्हणाल्या, मी घरी एक दिवस आधीचं सांगितलंय, काही विचारलं तर सांभाळून घ्या."

"बघा," मी ह्यांना म्हणाले. "पोटची पोरगीसुद्धा ओळखून आहे तुम्हाला. वाटेत दहा दारं धुंडाळणार, कोणाला नाही म्हणणार नाहीत."

"नाही काकू," मीरिम खाली बघत म्हणाली. "त्या म्हणाल्या, बाबांचं काही नाही, ते गाडीतच बसून राहतात. आईच नाही म्हणायला म्हणून उतरते आणि मग तिला ओढून आणावं लागतं."

ह्यांनी खिडकीबाहेर बघून, इथे लाकडं कुठे फोडतात, असं त्या पोरीला विचारलं.

मला अशी तिडीक गेली की विचारू नका. काडीएवढी पोरगी, आणि पाहुण्याच्या तोंडावर असं बोलते. मी बाही सावरली, तिला चार शब्द ऐकवायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती उठली आणि म्हणाली, "काकू, दमला असाल. चहा ठेवलाय, आणि आईने आजच जर्दाळूचा मुरांबा पाठवलाय. घ्याल ना?"

मुरांबा बरा होता, पण पाक कच्चा राहिला होता. तो कसा करायचा ते मी तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं. तिसरा प्याला ओतला जात असताना खिडकीतून सहज बाहेर बघितलं, तर आमचे हे गळ्यापर्यंत पाण्यात होते आणि मला दोन्ही हात हलवून बोलावत होते.

मी त्यांना खुणेनेच सांगितलं, पाच मिनिटं.