अपवादांची वही आणि कुमुद ससीण

एका जंगलात, बाळांनो, घरं बांधणारं यंत्र होतं. अगदी खरं! आराखड्याची फाईल आत सरकवली की खडखड, खडखड, आणि दुसऱ्या तोंडातून घर बाहेर. फाईल चुकली तर मात्र लाल दिवा लागायचा. यंत्र चिठ्ठी द्यायचं, 'ओळ सात. दार लिहिलेलं नाही.' आणि गप्प बसायचं.

यंत्र सांभाळायच्या त्या कावेरीकाकू, सुगरण पक्षीण. मनाने लोण्यासारख्या.

एक दिवस गजाभाऊ हत्तीची फाईल परत आली. 'ओळ एक. अनोळखी मजकूर.'

काकूंनी पाहिलं तर पहिल्या ओळीत 'श्री'!

"अगं बाई! देवाचं नाव, त्याला नाही कसं म्हणायचं?" काकू हळहळल्या. "उपासाला मीठ चालत नाही, पण सैंधव चालतंच की!"

त्यांनी वहीत पहिला अपवाद लिहिला आणि यंत्राला शिकवला. हिरवा दिवा! सगळं जंगल नाचलं.

दुसऱ्या दिवशी हरबा माकड आलं. "काकू, माझ्या फाईलीत छप्पर नाही."

"का रे?"

"विसरलो. हत्तीला सैंधव, नि आम्हाला काहीच नाही?"

काकूंना भरून आलं. छपराचा अपवाद झाला. मग उंचीच्या जागी 'दोन उड्या' लिहिणाऱ्यांचा झाला. अस्वलाने तर कोरा कागदच आणला. यंत्राने त्याला मोकळी जागा बांधून दिली. तोही खूश!

आता यंत्र आधी अपवादांची वही वाचायचं, मग फाईल. लाल दिव्यावर कोळ्याने संसार थाटला.

मग आली कुमुद ससीण. दिवस भरलेले. फाईल कशी? दार, छप्पर, उंची, सगळं जागच्या जागी.

लाल दिवा! कोळी दचकून खाली पडला.

चिठ्ठी आली, 'एकही अपवाद लागू नाही. फाईल अवैध.'

"काकू, काय चुकलं माझं?"

काकूंनी फाईल तीनदा वाचली. "काहीच नाही गं. तेच तर!"

"मग बाळंतपण उघड्यावर करू?"

"ताई, एखादी चूक करा की!" हरबा फांदीवरून ओरडला. "मी सांगू?"

"तू गप रे मेल्या! मला कळ आली!"

कुमुदने जन्मात चूक केली नव्हती. तिने डोळे मिटले आणि त्या घटकेला जे खावंसं वाटत होतं तेच उंचीच्या जागी लिहिलं. 'चार गाजरं.'

हिरवा दिवा! यंत्राने ते फारच मनावर घेतलं. गाजराच्या चार खांबांवर टुमदार घर उभं राहिलं. संध्याकाळपर्यंत आत सहा पिल्लं.

बारशाला काकू आल्या तेव्हा दोनच खांब उरले होते. बाळंतिणीची भूक ती! घर एका अंगाला कललं होतं आणि पिल्लं त्यावरून घसरगुंडी खेळत होती.

काकूंनी कौतुकाने पाहिलं, वही उघडली आणि कललेल्या घरांचा अपवाद लिहून घेतला.

तात्पर्य : बाळांनो, कामात फार चोख राहू नये. चुकणाऱ्याची सोय कुणीतरी प्रेमाने आधीच करून ठेवलेली असते. बरोबर असणाऱ्याला मात्र ऐन कळा सुटल्यावर चूक शोधावी लागते.