पासष्ट मिनिटांचं उद्घाटन

मीनलला एक तासाची शांतता हवी होती आणि ती घरात मिळण्यासारखी नव्हती. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ होतं, खाली पिठाची गिरणी होती आणि मधल्या मजल्यावर, म्हणजे खुद्द तिच्या घरात, तिची आई शालन होती. रविवारी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्याशिवाय शालनबाईंना सुट्टी आहे असं वाटतच नसे.

शांतता हवी होती ती मुलाखतीसाठी. मीनलने तीन वर्षं खपून एक खेळ तयार केला होता. टेबलाभोवती बसून खेळायचा, पण त्याला पट नव्हता की सोंगट्या नव्हत्या. प्रत्येकाने एकेका माणसाची भूमिका घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून, बोलत बोलत, एक गोष्ट रचायची. गोष्टीत अडचण आली की फासा टाकायचा आणि फासा सांगेल ते मुकाट्याने मान्य करायचं. खेळाचं नाव ‘उगमाकडे’. एका गावची नदी एके सकाळी येतच नाही, आणि चार माणसं तिच्या कोरड्या पात्रातून वर वर चालत निघतात. पुढचं खेळणाऱ्यांनी ठरवायचं.

हा खेळ आतापर्यंत मीनलच्या आईवडिलांनी आणि दोन मैत्रिणींनीच खेळून पाहिला होता, तोही तिला वाईट वाटू नये म्हणून. तिची इच्छा लहानशीच होती. आपल्याला मुळीच न ओळखणाऱ्या चार जणांनी तो एकदा तरी खेळावा.

हे घडवून आणू शकेल असा माणूस म्हणजे विक्रांत. उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, एका सेठच्या रिपेरिंगच्या दुकानात तो कामाला होता आणि उरलेल्या वेळात पॉडकास्ट करत होता. २००८ साली हा शब्द प्रत्येकाला समजावून सांगावा लागे. कार्यक्रम रेडिओसारखाच, फक्त रेडिओ नसतो. बोलणं रेकॉर्ड करून इंटरनेटवर ठेवायचं, ज्याला हवं त्याने उतरवून ऐकायचं. स्वतःच्या हिमतीवर असे खेळ बनवणाऱ्यांच्या मुलाखती विक्रांत घेई. एखादा पाहुणा आपला खेळ मित्रांबरोबर खेळून दाखवी, तेव्हा विक्रांत तो सगळा डावच ऐकवी. ऐकणारे सव्वादोनशे होते, पण सगळे खेळणारे होते.

सोसायटीत शांत जागा एकच, तळमजल्यावरचा, पण गिरणीपासून लांब मागच्या बाजूला असलेला हॉल. त्याची किल्ली अध्यक्ष श्यामकांत दळवी यांच्याकडे होती. मीनलचे वडील भगवानराव ऑर्डनन्स फॅक्टरीतून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. नियमाबाहेर काही मागायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून किल्ली मागायला गेले.

“हॉल कार्यक्रमासाठी मिळतो,” श्यामकांत म्हणाले. “काय कार्यक्रम आहे?”

“कार्यक्रम असा नाही साहेब. पोरीची मुलाखत घ्यायला एक जण येतोय. इंटरनेटवर लागणार आहे.”

श्यामकांतांनी चष्मा काढला. “मग हा सत्कार झाला की, भगवानराव. आपल्या इमारतीतली मुलगी जगभर ऐकली जाणार आणि आपण नुसती किल्ली द्यायची? लोक काय म्हणतील? अध्यक्ष कोण आहे?”

“अध्यक्ष नाहीये कुणी.”

“बिनअध्यक्षाचा कार्यक्रम?” श्यामकांतांनी चष्मा पुन्हा चढवला. “बरं. मी वेळ काढतो.”

रविवारी तीन वाजता विक्रांत आला तेव्हा हॉलमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यातल्या एकतीस भरल्या होत्या. टेबलावर निळी चादर, फुलदाणी आणि पाण्याचे तांबे. फळ्यावर ठसठशीत अक्षरांत ‘हार्दिक स्वागत’.

“मीनल, हे काय आहे?” त्याने हळूच विचारलं.

“मलापण आत्ताच कळलं. पाच मिनिटांत आटपतील, पप्पा बोललेत.”

“पाच मिनिटं चालेल. पण एक लफडा आहे.” विक्रांतने खिशातून रेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला. “हा दुकानात रिपेरला आलाय. याचं थांबवायचं बटण गेलंय. एकदा चालू केला की पासष्ट मिनिटं थांबतच नाही, मग स्वतःच बंद होतो. मध्येच सेल काढले तर सगळं पुसलं जातं. आणि साडेपाचला कस्टमर न्यायला येणार. सेठ बोलला, ‘विकी, टाइम पे वापस ला, नहीं तो तू भी वापस मत आ.’ म्हणजे आपल्याला एकच चान्स. भाषणं होऊ दे, हॉल रिकामा होऊ दे, मग मी चालू करतो.”

योजनेत काही चूक नव्हती. ती फक्त विक्रांतने श्यामकांतांना सांगितली नाही.

श्यामकांत उठले, टेबलाकडे आले आणि रेकॉर्डरकडे पाहून म्हणाले, “आता या यंत्राची कळ दाबून कार्यक्रमाचं उद्घाटन झालं, असं मी जाहीर करतो.”

कळ दाबली गेली. लाल दिवा लागला. टाळ्या झाल्या.

“काका!” विक्रांत ओरडला. “चालू झालं ते!”

“चालू करण्यालाच उद्घाटन म्हणतात, बाळ,” श्यामकांत शांतपणे म्हणाले. “बस.”

मीनलने घड्याळ पाहिलं. तीन वाजून बारा मिनिटं. ती वडिलांच्या कानाशी लागली. “पप्पा, त्यांना आवरायला सांगा. मला निदान अर्धा तास पाहिजे.”

भगवानरावांनी एका चिठ्ठीवर ‘कृपया थोडक्यात’ असं लिहून ती पुढे सरकवली. श्यामकांतांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि प्रास्ताविक सुरू केलं. ‘थोडक्यात सांगायचं तर’ असं ते तीनदा म्हणाले आणि दर वेळी सोसायटीच्या स्थापनेपाशी गेले.

तीन सत्तावीसला पाहुण्यांचा परिचय झाला. विक्रांतला शाल आणि नारळ मिळाला. त्यालाही दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला, तेव्हा तो उठून घाईने म्हणाला, “थँक्यू. मीनल, तुमचा खेळ कसा सुचला?”

“प्रश्न नंतर,” श्यामकांत म्हणाले. “आधी सत्कारमूर्ती.”

मीनलला शाल पांघरायचा मान इमारतीतल्या सर्वांत वयस्कर गोदूबाईंचा होता. त्यांनी शाल पांघरली आणि तिथेच उभ्या राहिल्या.

“आज्जी, बसा आता,” मीनल म्हणाली.

“बसते गं. पन हे इंटरनेट सगळीकडं ऐकू जातं म्हन्तात. वरच्या सायबास्नीबी?”

“हो, पण—”

“मग आधी पान्याचं सांगते.” आणि गोदूबाईंनी टाकीत पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं आणि तिसऱ्या मजल्यावरचे लोक मोटर कशी लावतात, हे नावानिशी सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचे लोक हजर होते. त्यांना उत्तर देणं भाग पडलं. त्या उत्तरात शालनबाईंच्या कुकरच्या शिट्ट्यांचा उल्लेख आला.

“माझ्या कुकरवर जाऊ नका हां!” शालनबाई मागच्या रांगेतून उठल्या. “पोरीचा सत्कार आहे म्हणून गप्प बसले होते.”

“सभा शांत राहील,” श्यामकांत म्हणाले. सभा शांत राहिली नाही. शेवटी अध्यक्षांनी आपल्या अधिकारात अध्यक्षीय भाषण सुरू केलं, आणि लोक खरोखरच गप्प झाले. काही जण तर झोपले.

चार वाजून चौदा मिनिटांनी श्यामकांत खाली बसले. विक्रांतने घाईघाईने रेकॉर्डर मीनलपुढे सरकवला. “बोल, बोल! तीन मिनिटं आहेत!”

“माझा खेळ—” मीनल म्हणाली. तीन वर्षांचं तीन मिनिटांत कुठून सुरू करायचं हे तिला कळेना. ती नुसती उभी राहिली.

तेव्हा भगवानराव उठले. आभार त्यांच्याकडे होते. हातातला कागद त्यांनी बाजूला ठेवला.

“अध्यक्षांचे आभार, पाहुण्यांचे आभार,” ते म्हणाले. “मी चौतीस वर्षं माल तपासला. पास की नापास, लगेच सांगायचो. पोरीचा हा खेळ मी दोनदा खेळलो, मला तो कळला नाही. पण तीन वर्षं तिनं एकेक पान फाडून पुन्हा लिहिलेलं मी बघितलंय. एवढं तपासून आलेला माल मी नापास करू शकत नाही. तर मीनल, तुझे—”

खट्. लाल दिवा विझला.

विक्रांत त्या दिवशी रेकॉर्डिंग उतरवून घेऊन, रेकॉर्डर वेळेवर पोचवून घरी गेला. सोमवारी नवा भाग ठेवायचा होता आणि जवळ दुसरं काही नव्हतं. त्याने सुरुवातीला ‘अंबरनाथच्या मीनल यांचा नवा खेळ’ एवढंच म्हटलं आणि पासष्ट मिनिटं जशीच्या तशी लावून दिली. मीनलने तो भाग ऐकला नाही. ‘उगमाकडे’ची पानं तिने कपाटात ठेवून दिली.

पाचव्या दिवशी विक्रांतचा फोन आला. “मीनल, एकतीस मेल आलेत. लोक नियम मागतायत.”

“‘उगमाकडे’चे?”

“नाही गं. सत्काराचे. त्यांना वाटलं आपण खेळत होतो. साताऱ्याचे चौघं तर बोलतात, असा भारी डाव आम्ही आजवर ऐकला नाही. ‘अध्यक्ष कुणी केला होता? पाण्याची तक्रार फाशानं आली की ठरवून? आणि शेवटी आभार मानणारे गृहस्थ काय सुंदर काम करतात, आमच्या डोळ्यांत पाणी आलं.’”

विक्रांतने पाठवलेले ते मेल मीनलने घरी वाचून दाखवले. भगवानराव म्हणाले, “काम कसलं? मी आभार मानत होतो.”

मीनलने प्रत्येकाला खरं काय ते कळवलं. हा खेळ नव्हता, आमचा रविवार होता. उत्तर आलं, हरकत नाही, तरी नियम पाठवा. मग ती नाइलाजाने बसली आणि आठवड्याभरात नियम लिहिले. एक अध्यक्ष, एक सत्कारमूर्ती, एक तक्रारदार, एक आभार मानणारा. कार्यक्रम संपायच्या आत सत्कारमूर्तीला मनातलं एक वाक्य पुरं बोलता आलं तर ती जिंकली. कागद तिने रीतसर श्यामकांतांना तपासायला दिले. त्यांनी ते लाल पेन घेऊन दोन दिवस वाचले आणि गंभीर चेहऱ्याने परत आणले.

“बाकी ठीक आहे. पण यात अध्यक्ष हरू शकतो. हे कुठे पाहिलंस तू?”

मीनलने तो नियम तसाच ठेवला आणि खेळ पाठवून दिला. महिन्याभराने साताऱ्याहून पत्र आलं. त्या चौघांनी सत्कार अकरा वेळा खेळला होता. अध्यक्ष एकदाही हरला नव्हता. तक्रारदाराच्या भूमिकेपायी त्यांच्यातल्या दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, आणि घरमालकाने खोली सोडायची नोटीस दिली होती. पत्राच्या शेवटी विचारलं होतं, ‘आता जरा शांत, सगळ्यांना बरोबर घेऊन कुठेतरी जाणारा असा तुमचा दुसरा एखादा खेळ आहे का?’

मीनलने पत्र दोनदा वाचलं. मग कपाटातून ‘उगमाकडे’ची पानं काढली, एकेक तपासली आणि पाकिटात घातली. साताऱ्याचा पत्ता तिने सावकाश, सुवाच्य अक्षरांत लिहिला.