बोरीच्या तटावरील सात काट्यांची मोहीम

स्वस्ति श्री. शके एकोणीसशे सोळा, भावनाम संवत्सर, भाद्रपद वद्य पक्ष, म्हणजे भिंतीवरील कॅलेंडरात सप्टेंबर चौऱ्याण्णव, ते समयी नवी मुंबई प्रांती, जुईनगर परगण्यात, एका सोसायटीचे बी विंगेमागे जे युद्ध जाहले, त्यात तोफ डागली नाही, घोडा पडला नाही, मुडदे मात्र सात पडले, ते कोणाचे, कोणी पाडिले आणि तळमजल्याच्या वेणूबाईसाहेबांची अब्रू कशी बचावली, ती हकिकत येणेप्रमाणे. ऐकणाऱ्याने टीव्ही बंद करावा. आवाज बारीक करून भागणार नाही, बंदच करावा.

वेणूबाईसाहेब साताराप्रांतीच्या. यजमान सयाजीराव वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या पाठीवर घेत, पहाटेच कूच करीत, आणि मागे बाईसाहेब एकट्या. मग त्यांनी इमारतीमागची वाया गेलेली चार हात जमीन, जीत बिल्डरने विटांचे तुकडे पुरून ठेविले होते, ती स्वहस्ते खणून काबीज केली, आणि मेथी-कोथिंबिरीचा मुलूख वसविला, आणि बकऱ्यांची स्वारी वरचेवर येई म्हणोन बोरीच्या वाळक्या फांद्या आणोन भोवती काटेरी तट उभारिला. मग सारी विंग जिन्यावरून हाक मारू लागली की, "वेणूताई, चार काड्या द्या हो!" आणि बाईसाहेब मूठभर देत. गाव सुटल्यावर त्यांस नावाने हाक मारणारी माणसे या कोथिंबिरीनेच मिळवून दिली होती. हे नीट ध्यानी ठेवणे. पुढला सारा झगडा त्याचाच आहे.

मग वद्य पंचमीस सेक्रेटरी नंदकिशोरराव यांचे कुटुंब जयमालाबाईसाहेब, वरून पडलेला टॉवेल उचलायास तटापाशी गेल्या, आणि पाहतात तो काय! काट्यांवर मुडदे! चार नाकतोडे, दोन सरडुली, एक उंदराचे पिल्लू, एकंदर सात, प्रत्येकाचे आरपार काटा. बाईसाहेबांनी जी किंकाळी फोडली ती चौथ्या मजल्यावरील कुकराच्या शिटीस हार गेली नाही. आणि मग पंधरवडा पितरांचा, आकडा साताचा आणि जागा एकट्या बाईची, इतक्या भक्कम पुराव्यावर दुपारच्या चहाचे आत निकाल लागला की ही करणी आहे.

वेणूबाईसाहेब जातीने जयमालाबाईंच्या दारी समजवायास गेल्या.

"अवो वैनी, करनी कसली? पाखरू हाय ते. बुलबुलाएवढं, डोळ्यावर काळी पट्टी. पोट भरलं की उरल्यालं काट्याला टोचून ठेवतंय, आन भूक लागली की येऊन खातंय. आमच्याकडं त्याला खाटीक म्हनत्यात."

"अगंबाई! अहो ऐकलंत का? आपल्या सोसायटीत खाटीक येतो म्हणे. ऐन पितृपक्षात!"

नंदकिशोरराव बनियनवर बाहेर आले आणि वदले, "हे बघा, मी असलं काही मानत नाही. मी सायन्सचा माणूस आहे. पण सोसायटीत टेन्शन नको."

"मग बसा की बागंत घटकाभर. दावते."

"मला ऑफिस आहे."

येणेप्रमाणे सायन्स ऑफिसास गेले. संध्याकाळी जयमालाबाईसाहेबांकडून वेणूबाईंची मागे मेथीची भाजी घालून दिलेली वाटी परत आली, ती धुतलेली आणि रिकामी. रिकामी वाटी धाडण्याचा अर्थ ज्यास कळत नाही त्याने ही बखर वाचण्याच्या भानगडीत पडू नये. मग जिन्यावरची हाक बंद पडली, पोरांस त्या बाजूने खेळू नये अशी ताकीद जाहली, आणि फळ्यावर हुकूम लागला की, तळमजल्यावरील एका महिलेने उभारलेले काटेरी कुंपण रविवारी सकाळी दहा वाजता बागेसह काढण्यात येईल. चार वर्षे सारी विंग जीस वेणूताई म्हणे, ती एका रात्रीत 'एक महिला' जाहली. बाईसाहेब चौथीपर्यंत शिकलेल्या. बोट धरून त्यांनी ते दोनदा वाचिले आणि मग त्या मेथीस पाणी घालू लागल्या.

इकडे सायन्सचे माणूस बेलापुरातील कोणा जाणकारास गुपचूप भेटोन आले. रविवारी नऊचे सुमारास सरकारस्वारी स्वयंपाकघरातील सांडशी घेऊन तटावर चालून गेली, आणि सातही मुडदे उपटून वर्तमानपत्रात बांधिले, आणि दोष उतरावा म्हणोन त्या सात काट्यांस कुंकवाची बोटे लाविली. वॉचमन देवजी याने कोयता परजीत विचारिले की, "साहेब, हे कशाला?" त्यावर उत्तर आले की, "मी मानत नाही रे. मिसेसच्या समाधानासाठी."

दहाचे ठोक्यास गॅलऱ्या भरल्या. वेणूबाईसाहेब पदर खोचून तटास पाठ लावून बसल्या आणि म्हणाल्या, "तोडा. आदी मला तोडा."

देवजीचा कोयता खाली आला, कारण त्याने त्या कोथिंबिरीचे मीठ खाल्ले होते. आणि मग, काय सांगावे, समोरच्या तारेवरून खाटीकराव सरदार तटावर उतरले! डोक्यास राखी मंदिल, पाठीस तांबूस शेला, डोळ्यांवरून काळी पट्टी, चोच आकड्याची. या सरदारांस कारकून नाही, दफ्तर नाही. तटास काटे हजाराने होते आणि माल कोठे टोचला ते सगळे त्या सुपारीएवढ्या डोक्यात. (नंदकिशोररावांस स्कूटरची किल्ली रोज सकाळी जयमालाबाई शोधून देत, हे येथे सांगणे प्राप्त आहे.)

सरदार बसले ते नेमके कुंकवाच्या काट्याशेजारी. काटा रिकामा. मान वाकडी करून पाहिले, आणि उडाले, आणि बसले दुसऱ्या कुंकवाशी. तोही रिकामा.

"तीन," देवजी मोठ्याने मोजू लागला. "चार... आयला, बरोबर जातंय!"

"पाच! सहा!" गॅलऱ्यांनी सूर धरिला.

सातव्या काट्यापाशी सरदारांचा संताप अनावर जाहला, आणि त्यांनी गळा फुगवून असा खर्र खर्र शिव्यांचा मारा केला की ए विंगेचे लोकही खिडकीशी आले. मग गवतात झेप, आणि चोचीत हिरवा नाकतोडा, आणि सर्वांदेखत तो त्याच सातव्या काट्यावर दाबून आरपार ओढिला, आणि मग सेक्रेटरीसाहेबांकडे रोखून पाहिले.

"साहेब," देवजी म्हणाला, "त्याचा माल तुमी उचलला. तुमच्याकडंच बगतंय ते."

"काय वो सायन्सवालं," वेणूबाईसाहेब बसल्या जागेवरून वदल्या, "करनी करनारीन उडाली बगा. लावा आता तिलाबी नोटीस!"

गॅलऱ्या फुटेस्तोवर हसल्या. जयमालाबाईसाहेब टॉवेल तोंडास लावून आत गेल्या. फौज आपोआप पांगली.

परंतु बाईसाहेब उठल्या नाहीत. त्यांनी फर्माविले की, नोटीस लिवली तसं हेबी लिवा. मग देवजीने धावत रजिस्टर आणिले, आणि नंदकिशोररावांनी मांडीवर ठेवून लिहिले, आणि वाचून दाखविले की, "सौ. वेणूबाई सयाजी जगदाळे यांच्या बागेबाबत गैरसमज झाला. बाग व कुंपण कायम."

"झाला?" बाईसाहेब बोट ठेवून थबकल्या. "कुनाचा झाला?"

"अहो, असंच लिहितात. ऑफिशियल भाषा आहे ती."

"पाऊस व्हतो, पहाट व्हती, त्ये आपसूक व्हतंय. गैरसमज काय ढगातनं पडला व्हय? तुमी केला. तसं लिवा."

सेक्रेटरीसाहेबांनी वर पाहिले. चारही मजले पाहत होते. मग त्यांनी 'झाला' यावर आडवी रेघ ओढिली, आणि वर बारीक अक्षरात लिहिले की, 'आम्ही केला'.

बाईसाहेब म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचिले. येणेप्रमाणे फत्ते जाहली. पुष्कळ सेक्रेटरी आले, पुष्कळ जातील, आणि रजिस्टरांत चुका होतच राहतील. परंतु जुईनगर परगण्यात चूक केली, असे स्वदस्तुरे लिहिणारे हे पहिलेच.