गुणाजी तांडेलांची दहा बोटं

तपकिरीच्या बाटलीचं बूच हरवणं हा काही गुन्हा नव्हे. माझ्या हातून गुन्हा घडला तो त्यानंतर.

मालवणच्या शाळेत बदली होऊन मला तीन वर्षं झाली होती. आमचं भाड्याचं घर आणि गुणाजी तांडेलांचं घर यांच्यामध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा होता. मे महिन्याची सुट्टी लागलेली. सकाळी दात घासत परसात उभा होतो, तर गडग्यावर उन्हात एक इवलंसं पितळी टोपण चमकताना दिसलं. राखेनं घासल्यासारखं लखलखीत, आणि अंगभर बारीक खळगे. मी ते उचलून तपकिरीच्या बाटलीवर बसवून पाहिलं. मापाचं करून घेतल्यासारखं बसलं. देव तपकीर ओढणाऱ्यांचीही काळजी घेतो, एवढा विचार करून मी बाटली खिशात टाकली आणि तोंड धुवायला गेलो.

ते शिवणाचं अंगुस्तान होतं. शिवताना बोटाला सुई लागू नये म्हणून घालायची टोपी. मी बांद्याचा, बाजारपेठेत वाढलेला. शिंप्यांची दुकानं काही कमी पाहिली नव्हती. पण शिंप्याचं अंगुस्तान दोन्हीकडून उघडं असतं आणि हे वरून बंद होतं. माझ्या बाजूनं बोलण्यासारखं एवढंच आहे.

आणि नेमकं ते गुणाजी तांडेलांच्या घरचं निघावं, यासारखं दुर्दैव नाही. कारण गुणाजी तांडेल माणसं ओळखायचे ती बोटांवरून. रस्त्यात भेटले की रामराम नाही, 'बरा मा?' अशी विचारपूस नाही. सरळ आपला हात हातात घ्यायचे, उलटापालटा करायचे आणि बोटं मोजायचे. दहा भरली की हात सोडून म्हणायचे, "बोटां धाच. अकरावा गावणा नाय." म्हणजे अकरावं मिळत नाही, आहेत ती जपा. मग पुढची बोलणी.

चाळीस वर्षं गलबतावर काढलेला माणूस. मलबारपर्यंतची सगळी बंदरं पायाखालची, म्हणजे गलबताखालची. शिडं शिवण्यात त्यांचा हात धरणारा किनाऱ्यावर कुणी नव्हता. ते सांगायचे, "पाय मोडलो तरी गलबतार चलता, मास्तर. बोट गेला तर दोरी धरतलो कसो?" हे तत्त्वज्ञान समुद्रावर ठीक होतं. पण गुणाजी किनाऱ्याला लागले तेव्हा ते त्यांच्याबरोबर उतरलं आणि गावात फिरू लागलं. मासळीबाजारात मोरी मासा कापणाऱ्या बाईसमोर उभं राहून ते तिला कोयता कसा धरावा ते समजावत. ती एकदा म्हणाली, "तांडेलानु, अकरावा बोट गावला तर पयला तुमकाच आणून देतंय. आता माझो उजेड सोडा." गुणाजींना त्यात थट्टा दिसली नाही. त्यांनी तिची बोटं मोजली आणि मगच उजेड सोडला.

या सगळ्या बंदोबस्ताचं मुख्य ठाणं मात्र घरात होतं. त्यांची बायको जनाकाकी गोधड्या शिवायची. तिच्यासारखी गोधडी आमच्या वाडीत काय, तारकर्लीपर्यंत कुणाला जमत नव्हती. पांढऱ्या दोऱ्याखेरीज दुसरा दोरा हाताला लावायचा नाही, आणि टाक्यांची धाव घालायची ती आखल्यासारखी. दुसऱ्या बाईनं शिवलेली गोधडी समोर आली की जनाकाकी तिच्यावरून डाव्या हाताचं बोट फिरवायची आणि नेमकी जिथं ओळ वाकडी गेली असेल तिथं थांबायची. काही बोलायची नाही. बाई घरी जाऊन उसवायची.

गोधडी शिवताना उजव्या हाताचं बोट सुईला मागून रेटतं आणि डाव्या हाताचं बोट गोधडीखाली टोकाची वाट बघत बसतं. वरून आलेली सुई खाली त्या बोटाला टोचते, तेव्हा कळतं की टाका पार गेला. उजव्या बोटासाठी गुणाजींनी ते बंद पितळी अंगुस्तान कुठल्याशा बंदरातून आणलं होतं. प्रश्न डाव्याचा होता. त्या एका बोटासाठी या माणसानं काय काय केलं ते मी गडग्यापलीकडून पाहिलं आहे. सायकलच्या ट्यूबची टोपी केली. बोट घामानं उकडलं. करवंटी घासून टोपी केली. ती दर टाक्याला टकटक वाजे. मग मोरीचं कातडं वाळवून टोपी केली. ती उत्तम होती, पण वाडीतली सगळी मांजरं जनाकाकीच्या मांडीशी येऊन बसू लागली.

काकी प्रत्येक टोपी एक दिवस घालायची आणि काढून ठेवायची. "झाकलेल्या बोटाक काय कळतला?" एवढंच म्हणायची. आणि गुणाजी पुन्हा कात्री घेऊन बसायचे. शेवटी भजनातल्या मृदंगाची फाटकी पुडी त्यांनी मागून आणली. तिच्या आतल्या पातळ चामड्याची टोपी मात्र काकीनं दुसऱ्या दिवशीही घातली. त्या दिवशी गुणाजींनी माझी बोटं दोनदा मोजली.

तर अशा घरातलं अंगुस्तान माझ्या खिशात होतं.

दुपारी गडग्यापलीकडे शोधाशोध सुरू झाली. पितळेची टोपी हरवली आहे, एवढंच माझ्या कानावर आलं, आणि माझ्याकडे होतं ते टोपण. शेजारधर्म म्हणून मीही गेलो. पहिला दिवस पडवी पाहिली, दुसरा दिवस माजघर. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या लाकडी पेटाऱ्याखाली ओणवा झालो होतो. काही सापडेना. दम खाण्यासाठी उठून बसलो, बाटली काढली, टोपण उघडलं आणि चिमूट नाकाशी नेली. गुणाजी समोर उभे होते.

ते टोपणाकडे बघत राहिले, आणि मग मीही बघितलं.

रागवले असते तर बरं झालं असतं. ते मला पडवीत घेऊन गेले. जनाकाकी भिंतीला टेकून बसली होती. तीन दिवस तिनं उघड्या बोटानं सुई रेटली होती. सुईचं नेढं कातडीत शिरलं होतं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाला नखुरडं झालं होतं. बोट सुजून वांग्यासारखं. पुढ्यात अर्धी गोधडी पसरलेली. ती गोधडी सुमनच्या बाळाची होती. सुमन ही त्यांची एकुलती एक लेक, मुंबईला दिलेली. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी आगबोटीचा प्रवास करू नका म्हणून सांगितलं होतं. लेक येत नाही, निदान गोधडी तरी जायला हवी होती. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट आठ दिवसांवर आली होती. त्यानंतर बंदर बंद.

गुणाजींनी माझा हात धरला आणि बोटं मोजली.

"धा हत," ते म्हणाले. "पुरे झाली. बसा."

अशा रीतीनं वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी गोधडी शिवायला बसलो. माझ्या तळहातावर गुणाजींनी शिडं शिवायचं आपलं जुनं कातडं बांधलं. मी बायकोला पाठवतो म्हणून बघितलं, पण जनाकाकी म्हणाली की, नातवंडाच्या गोधडीला चार बायकांचे हात नकोत, चार तऱ्हेचे टाके पडतात. मग मास्तरांचे कसे चालतात? "मास्तराक टाकोच येणा नाय," ती म्हणाली. "शिकवीन तसो घालतलो." गुणाजींना तर तिनं केव्हाच बाद केलं होतं. त्यांचा टाका वादळात टिकेल असा होता. बाळाच्या अंगाखाली तो दोरखंडासारखा टोचला असता.

सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी तीन ते दिवेलागण. मध्ये सुटी फक्त जेवणाची. आमच्या शाळेत अशी शिस्त असती तर निम्मी मुलं मॅट्रिकला पहिली आली असती. एका ओळीला मी सकाळ घ्यायचो. काकी ओळीवरून बोट फिरवायची, थांबायची, आणि मी उसवायचो. गुणाजी शेजारी बसून दर तासाला माझी बोटं तपासायचे. नारळाच्या सोडणात, वाळक्या सालीत, दोरा ओवलेल्या वीसेक सुया टोचून ठेवलेल्या असायच्या. त्या रोज पहाटे आपण स्वतः ओवतो, चष्म्याशिवाय, असं ते मला अभिमानानं सांगत. पाचव्या दिवसापर्यंत माझी पाठ मोडली होती, पण गोधडी पुढे सरकत होती, आणि खरं सांगतो, आगबोट चुकवायची नाही हा हट्ट आता माझाही झाला होता.

घोळ झाला तो पाचव्या दिवशीच. घामानं घसरतो म्हणून मी चष्मा काढून ठेवला होता. सोडणातली एक सुई ओढली आणि कडेची धाव घालायला लागलो. कडेला जुन्या लुगड्याचे तांबडे काठ होते. काठ संपून पांढरं कापड आलं तेव्हा दिसलं, माझ्या सुईत लाल दोरा होता. कोपऱ्यातले लाल गोंडे गुणाजी लावत, त्यांच्यासाठी ओवलेली सुई मी उचलली होती. तोवर अर्धी बाजू झालेली. उसवायचं म्हणजे आणखी एक दुपार. शाळेतली मुलं करतात तेच मी केलं. गप्प बसलो आणि पुढे शिवत राहिलो.

बाजू संपली. जनाकाकीनं गोधडी ओढून घेतली. मी खाली मान घातली. तिचं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं, कुठंही थांबलं नाही.

"ही बरी इली, मास्तर," ती म्हणाली. "एकदम सरळ. धवो दोरो कसो शोभता बघा."

धवो म्हणजे पांढरा. मी वर बघितलं. तिचे डोळे गोधडीवरच होते. गुणाजींचा हात माझ्या मनगटावर पडला आणि त्यांनी तो असा दाबला की माझं बोलणं आतच राहिलं.

मग ते मला गडग्यापाशी घेऊन आले. काकीची नजर जाऊन दोन वर्षं झाली होती. आधी दूरचं गेलं, मग जवळचं. बेळगावच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की यावर इलाज नाही. काकीला कुणाची कीव नको होती, म्हणून दोघांनी मिळून ते लपवलं होतं. घरातली वस्तू इंचभर हलवायची नाही, एवढ्या नियमावर ते घर चाललं होतं.

"तिका आता बोटांनीच दिसता, मास्तर," गुणाजी म्हणाले. "माझी बोटां बघा, शिडां शिवून दगड झाली हत. तापलेलो तवो धरलंय तरी कळणा नाय. तिच्या बोटांका तसे घट्टे पडले, काय सगळो काळोख."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, सुमनला तरी सांगायला हवं.

"चेडवाक नाय," ते म्हणाले. "कळला तर पोटुशी असताना होडयेत बसान येतली. गोधडी सरळ गेली, म्हणजे तिची आवस बरी आसा. इतक्याच तिका कळूक व्हया."

आणि ती गोधडी मी एका बाजूनं लाल करून ठेवली होती. उसवली तर काकीच्या बोटांना कळणार, आणि का उसवली ते सांगता येणार नाही. गुणाजी गडग्यावर हात टेकून उभे राहिले. वादळात शीड फाटल्यावर असेच उभे राहत असतील.

"चारय बाजू लाल घाला," ते म्हणाले. "मुद्दाम घातल्यासारखी दिसतली."

उरलेल्या तीन बाजू मी दोन दिवसांत घातल्या. इतक्या सरळ ओळी मी फळ्यावरही कधी काढल्या नाहीत. शेवटच्या दिवशी काकीच्या बोटाची सूज उतरली होती. मधला चौकोन तिनं स्वतः शिवला, डाव्या बोटाला मृदंगाची टोपी आणि उजव्याला ते अंगुस्तान. अंगुस्तान तीन वेळा राखेनं घासलं होतं तरी तपकीर गेली नव्हती. काकी दर चार टाक्यांनी शिंकायची आणि दर शिंकेला गुणाजी माझ्याकडे बघायचे.

मुंबईला निघालेल्या एका ओळखीच्या बाईकडे गोधडी देऊन गुणाजी तिला होडीतून आगबोटीपर्यंत पोचवून आले. नुसतं किनाऱ्यावरून हात हलवणं त्यांना पुरलं नाही.

श्रावणात सुमनचं पत्र आलं. मुलगी झाली होती. पत्र वाचायला अर्थातच मास्तर. पडवीत दोघांसमोर बसून मी मोठ्यानं वाचत गेलो. बाळाचं वजन, जावळ, बारशाचा बेत. आणि वाचण्याच्या भरात पुढचं वाक्यही वाचून गेलो. 'आई, पांढऱ्याशिवाय दोरा न धरणारी तू, नातीसाठी चारी बाजूंनी लाल किनार घातलीस. ती बघून मला रडू आलं.'

गुणाजी आपल्या हातांकडे बघत होते. एकेक बोट मोजत असावेत. जनाकाकीचा चेहरा समुद्राकडे होता. पुढचं वाचावं की नाही ते मला कळेना.

"धवो दोरो पोरां मळवतत," काकी म्हणाली. "म्हणान घातलंय मी लाल."

गुणाजींचं मोजणं थांबलं. मग तिनं मला हळूच विचारलं, "सरळ होती मा, मास्तर?"

"सुतात होती," मी म्हणालो.

घरी आलो. कुणाला सांगणार नाही असा गुणाजींना मी गडग्यापाशी शब्द दिला होता, पण बायकोपाशी राहवेना. ती जवळच्या मसुरे गावची, पोटात गोष्ट ठेवायला माझ्यापेक्षा पक्की. सगळं सांगितलं. तिनं तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

"सगळ्या वाडयेक म्हायत आसा," ती म्हणाली. "काका सकाळी सुयो ओवतत, तेतूर निम्म्यांत दोरोच नसता. ते मासळीबाजारात गेले काय आमी बायका गजालींका म्हणान जातंव, आणि सगळ्यो परत ओवून सोडणात लावन ठेवतंव. तुमी तेंका सांगू नकात हां. तेंका वाटता, तेच ओवतत."