दोरीचं दुसरं टोक

उइबान जाळं काढायला एकटाच निघाला, तेव्हा त्याची बायको ओग्दो दारातूनच ओरडली, "अहो, दादांना घेऊन जा! बर्फाखालचं जाळं एकट्याचं काम नाही."

"माझं काही अडलं नाही त्याच्यावाचून!" म्हणत उइबान धुक्यात शिरला.

अडलं तर होतंच. उद्या मुलीच्या सासरची मंडळी पहिल्यांदाच जेवायला येणार होती, आणि सैबेरियातल्या याकूत माणसाने व्याह्यांसमोर माशाविना ताट ठेवायचं म्हणजे तोंड लपवायची पाळी. पण थोरल्या न्युकुलायने त्याची लोखंडी पहार न विचारता नेली आणि तळ्यात घालवली, तेव्हापासून दोघा भावांत अबोला होता.

भर दुपारी धुक्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. त्या तळ्याचं नाव कुणी घेत नाही. त्याला सगळे ‘आजी’ म्हणतात, आणि बर्फाला भोक पाडलं की आधी तिला लोणी लावलेले घावन देतात. उइबानने ते वाटेतच खाल्ले होते. देण्याघेण्याचं एरवी दादा बघत असे.

त्याने भोक मोकळं केलं आणि दोरी ओढली. दोरी थोडी आली, थांबली, आणि हळूच परत गेली.

"आजी," उइबान कसनुसं हसला, "चेष्टा नको हं."

असा हिसका बसला की तो गुडघ्यांवर आला. त्याची पाचावर धारण बसली. तंबाखूची पुडी त्याने पाण्यात सोडली. दोरी सैल पडली. ओढू गेला तर पुन्हा ताठ. मग व्होडकाची बाटली गेली, अर्थात एक घोट आधी घेऊन. खालची ओढ थांबेना. शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, "चुकलो, आजी! घावन मीच खाल्ले. दादाला चारचौघांत चोर म्हणालो, तेही चुकलंच!"

धुक्यातून चिरका आवाज आला, "माझंही चुकलं, आजी! पहार घालवली ती घालवली, वर धाकट्याला म्हणालो, बोथटच होती..."

उइबानच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग त्याने आवाज ओळखला. "दादा?"

आवाजाच्या रोखाने तो गेला, तर पलीकडच्या भोकाशी न्युकुलायही आपल्या जाळ्याची दोरी धरून गुडघ्यांवर बसला होता. मिशीत बर्फ, चेहरा पांढराफटक.

"म्हणजे तू ओढत होतास, गाढवा!" न्युकुलाय ओरडला.

"आणि मला तू! जाळ्यात जाळं अडकलं असणार."

दोघं पोट धरून हसले. दोन महिन्यांचा राग त्या हसण्यात विरून गेला, आणि उइबानला फार बरं वाटलं. मग दोघांनी मिळून त्याचं जाळं काढलं. माशांनी भरलेलं जाळं सरळ वर आलं. मग दादाचं काढलं. तेही सरळ. एक जाळं पूर्वेकडे गेलं होतं, दुसरं पश्चिमेकडे. कुठे गाठ नाही, गुंता नाही.

"दादा, मग मला ओढत कोण होतं?"

"हळू बोल."

न्युकुलायने सगळ्यांत मोठा मासा निवडला, वाकून नमस्कार केला आणि तो भोकात सोडला. दोघांनी कान दिला. मासा पाण्यात पडल्याचा आवाज आलाच नाही.

दोघं धूम पळाले; माशांची पोती मात्र सोडली नाहीत. दुसऱ्या दिवशी व्याही मासे खाऊन तृप्त झाले, आणि त्यांच्यादेखतच भावाभावांचं पुन्हा जुंपलं. आधी पळालं कोण, यावरून.