इस्त्री हलवायची नाही!

थोरल्या नणंदेने मखमल स्वतःची दिली होती आणि वर फोनवर ऐकवलंही होतं, "तुकडा एकच आहे हं. नाहीच जमलं तर तसाच परत दे." त्या 'नाहीच जमलं तर'ने वहिनींचं डोकं सकाळपासून भणभणत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईने त्यांच्या हातच्या कशालाही चांगलं म्हटल्याचं घरातल्या भिंतींनीसुद्धा ऐकलं नव्हतं. या वेळी उशीचा अभ्रा असा करायचा, की तिची बोलतीच बंद झाली पाहिजे.

कृती तशी सोपी. रबरी ठसा टेबलावर उताणा ठेवायचा, त्यावर मखमल पालथी घालायची, मागून पाण्याचा फवारा मारायचा आणि कडकडीत इस्त्री दाबून धरायची. लव दबते, नक्षी उमटते. इस्त्री मात्र जागची हलता कामा नये. कोपऱ्यातलं पहिलं पान असं काही सुबक उमटलं, की वहिनी स्वतःवरच खूश झाल्या. नेमकी तेव्हाच नवरोबांना मदतीची हुक्की आली.

"दमली असशील. आण इकडे."

"नको. तुमची मदत मला निस्तरावी लागते."

"अगं, इस्त्री धरायला काय अक्कल लागते?"

"थोडी लागते."

दुसरा ठसा मधोमध ठेवून वहिनींनी इस्त्री टेकवली आणि दाराची घंटा वाजली. नाइलाज झाला. "धरा. आणि मी सांगेपर्यंत हलवायची नाही. अजिबात नाही!"

दारात शेजारीण होती. डबा परत करायला आली होती, पण डब्याबरोबर जावयाची सगळी गाऱ्हाणीही घेऊन आली होती. वहिनी 'हो ना, हो ना' करत होत्या, तोच आतून तापल्या कापडाचा वास आला. त्या धावल्या. नवरोबा घामाघूम होऊन पुतळ्यासारखे उभे.

"अहो, उचला!"

"उचलू? नक्की?"

ठसा केव्हाच निसटून बाजूला पडला होता. मखमल जळली नव्हती एवढंच नशीब. पण मधोमध अख्खी इस्त्री उमटली होती, वाफेच्या भोकांच्या ठिपक्यांसकट.

"ठसा निसटलेला दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला ना! पण तूच म्हणालीस, हलवायची नाही."

रडावं की यांच्यावरच इस्त्री फिरवावी, वहिनींना कळेना. नणंदबाई यायची वेळ झालेली. वाफ दिली, ब्रश मारला. लव काही उठेना. शेवटी दातओठ खात त्यांनी इस्त्रीच उचलली आणि उमटलेल्या छापाच्या टोकाला टोक भिडवून गोलाकार दाबत सुटल्या. व्हायचं ते होऊ दे! ठिपकेदार पाकळ्यांचं एक मोठ्ठं फूल तयार झालं.

नणंदबाई आल्या. चष्मा चढवून त्यांनी अभ्रा उजेडात धरला. नवरोबा हळूच स्वयंपाकघरात सटकले.

"अगंबाई! काय सुरेख फूल गं! आणि हे ठिपके किती नाजूक! सोफ्याच्या सगळ्या उशा मला अश्शाच हव्यात." मग त्यांनी नाक मुरडलं. "तेवढं कोपऱ्यातलं पान मात्र नको. हात बसला नव्हता वाटतं तोवर?"

वहिनी पुन्हा 'हो ना, हो ना' करू लागल्या.

"फुलाची कल्पना माझी हं, ताई!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी नवी मखमल टेबलावर पसरली, इस्त्री तापवली आणि नवरोबांच्या हातात दिली.

"धरा. मी सांगेपर्यंत हलवायची नाही."

आणि त्या शेजारणीकडे जावयाची उरलेली गाऱ्हाणी ऐकायला निघून गेल्या.