झाडावरच बघायचं फूल

लिलीला कळी आली त्या दिवसापासून वेणीमाधवराव फाटकाला कुलूप लावू लागले. कंद त्यांच्या पत्नीने, गोदावरीबाईंनी लावला होता. "हे फूल एकच दिवस टिकतं," त्या म्हणाल्या होत्या. "देवाला वाहायचं नाही, झाडावरच बघायचं. तुम्हीसुद्धा. पेपर बाजूला ठेवून." फूल यायच्या आधीच त्या गेल्या. बघायचं काम एकट्या वेणीमाधवरावांवर आलं.

धोका शेजारच्या ललिताताईंचा होता. सकाळी फिरायला निघताना त्यांच्या एका हातात फुलं ओढायची आकडी असे आणि दुसऱ्या हातात पिशवी. त्यांच्या वाटेवर कुंपणाबाहेर डोकावलेलं जास्वंद दुपार बघत नसे.

"ताई, लिलीला हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू? तुमचं कुलूप बघून देवच म्हणेल, नको ते फूल!"

कुलपावरही भरवसा नव्हता. वेणीमाधवरावांनी कुंपणाला रिकामे डबे बांधले. फाटक बंद, म्हणून दूधवाल्या हिरामणने कुंपणावरून पिशवी आत ठेवायला हात घातला आणि डबे खणखणले. पिशवी पडून फुटली. दुधावर मांजर आलं, मांजरामागे कुत्रं आलं, कुत्र्यामागे सगळी गल्ली.

"काका, फूल हाय का सोनं?" हिरामण कपाळाला हात लावून म्हणाला.

कळी टपोरी झाली. दुसऱ्या दिवशी वेणीमाधवराव उजाडायच्या आतच उठले. आंघोळ केली, अंधारातच लिलीशेजारच्या बिट्टीची पिवळी फुलं तोडून पूजा उरकली. मग चष्मा लावला आणि लिलीसमोर खुर्ची मांडली.

देठावर कळी नव्हती. फूलही नव्हतं.

"ललिताताई!"

कुलूप उघडताच ललिताताई आत आल्या आणि त्यांनी पिशवीच ओट्यावर उपडी केली. "बघा. जास्वंद कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं, तगर डॉक्टरांची. चोरलं की चोरलं म्हणते मी. तुमचं नाही घेतलं."

"मग देवाला वाहिलं असेल!"

"चला, माझं देवघर बघा. मग मी तुमचं बघते."

त्यांच्या देवघरात लिली नव्हती. वेणीमाधवरावांच्या देवघरात होती. बाळकृष्णाच्या पुढ्यात, बिट्टीच्या फुलांमध्ये, त्यांच्यासारखीच पिवळी, पूर्ण उमललेली.

वेणीमाधवरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. फूल तिथंच होतं.

"चष्मा कधी लावता तुम्ही?" ललिताताईंनी विचारलं.

"पूजा झाल्यावर."

"वहिनी रोज ओरडायच्या त्यावरून. आमच्याकडे ऐकू यायचं."

ते पाटावर बसले. "एवढं एकच सांगून गेली होती ती."

ललिताताई बाहेर गेल्या. लिलीपाशी वाकल्या. "अहो, इकडे या! मागच्या बाजूला अजून एक कळी आहे. उद्या फुलेल बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "चष्मा लावला का?"

"लावला!"

"मग या बाहेर."

ललिताताई आकडी न घेता आल्या होत्या. वेणीमाधवरावांनी कुलूप काढलं आणि आतून दुसरी खुर्ची आणली.

त्या दिवशी देवांची नुसत्या अक्षतांवर बोळवण झाली. पेपर संध्याकाळपर्यंत फाटकापाशी तसाच पडून होता.